लाँग कोविड: व्यायाम सांगण्याआधी विचारायचा प्रश्न

'रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. रोज थोडं चालत जा, मन रमवा, होईल बरं.' लाँग कोविडच्या कितीतरी पेशंटना हा सल्ला मिळालेला आहे. काहींना तो लागू पडतो. ठाण्याच्या तलावपाळीला आधी एक फेरी, मग दोन, असं करत ते हळूहळू पूर्वपदावर येतात. काहींना मात्र हाच सल्ला पुन्हा अंथरुणाला खिळवतो. आजार तोच आणि सल्लाही तोच, मग असं का होतं? हे नीट कळलं तर औषधांशिवायचे जे उपचार आज हाताशी आहेत, त्यांतला कोणता कोणाला द्यायचा हेही कळतं.

आधी आजाराबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली. कोविड झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणं म्हणजे लाँग कोविड. थकवा, धाप आणि डोक्यात धुकं साचल्यासारखं वाटणं ही त्यांतली मुख्य लक्षणं. संघटनेच्या अंदाजाने कोविड झालेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ६ जणांना हा त्रास होतो. 'दुसऱ्या कुठल्याही आजाराने' हे शब्द आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहेत. हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, साखर, टीबी या सगळ्यांत माणूस असाच गळून जातो, आणि त्यांवर औषधं आहेत. तेव्हा या तपासण्या आधी. छातीत दुखत असेल, चालताना भोवळ येत असेल, पायावर एकाच बाजूला सूज असेल तर पुढचं काही न वाचता डॉक्टर गाठावा.

लाँग कोविड बरा करणारं एकही खात्रीचं औषध अजून नाही. शरीरात रेंगाळणारे विषाणूचे अंश, बिघडलेली प्रतिकारशक्ती, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या नसांमधला बिघाड, अशा अनेक अंगांनी शोध चालू आहे. तोवर हातात उरतात ते वर्तनोपचार: झोप, श्वास, हालचाल, विश्रांती, विचार करण्याची सवय, या रोजच्या गोष्टींची नव्याने घडी बसवणं.

इथेच बरेच पेशंट दुखावतात. 'म्हणजे माझा आजार मनाचा आहे, असंच ना?' असं ते विचारतात. तसं नाही. मधुमेहाच्या माणसाला आपण जेवणाच्या वेळा पाळायला सांगतो, तेव्हा त्याची साखर खोटी आहे असं कोणी म्हणत नाही. ठाण्यात तर हा विषय जास्तच नाजूक होतो. १९०१पासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि 'ठाण्याला पाठवायची वेळ आली' हा टोमणा सगळ्या मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या मारलेला आहे. त्याच शहरातल्या माणसाला 'एकदा सायकॉलॉजिस्टना भेटा' म्हटलं की त्याला काय ऐकू जातं, हे ओळखूनच डॉक्टरांनी बोलायला हवं. सायकॉलॉजिस्टकडे का पाठवतोय, तिथे नेमकं काय होणार आहे, एवढं दोन वाक्यांत सांगितलं तरी पेशंट बिचकत नाही.

परवाचं दुखणं

आता तो प्रश्न. व्यायाम सांगण्याआधी प्रत्येक पेशंटला विचारायला हवं: जास्त श्रम झाले की त्याच दिवशी त्रास होतो, की एक-दोन दिवसांनी?

माझी वहिनी कोपरखैरण्याला राहते आणि ठाण्यातल्या एका शाळेत शिकवते. तिला कोविड होऊन गेल्यावर आलेला तो पहिलाच गणपती. गौरीपूजनाच्या दिवशी तिने पुरण घातलं, भाज्या केल्या, संध्याकाळपर्यंत हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांचं केलं. चेहऱ्यावर थकवा नाही. सगळे म्हणाले, आता वहिनी बरी झाली. दुसऱ्या दिवशी विसर्जनही झालं. त्यानंतर मात्र तिला दात घासायला उभं राहवेना. घसा दुखू लागला, उजेड सोसेना, वाक्य अर्ध्यावर तुटू लागलं. 'अगं, त्या दिवशी मला खरंच काही होत नव्हतं,' ती सांगत होती. 'तेव्हा दुखलं असतं तर मी थांबले नसते का?'

याला डॉक्टर पोस्ट-एक्झर्शनल मलेज म्हणतात. श्रमानंतर साधारण १२ ते ७२ तासांत लक्षणं उसळतात, आणि ही घसरण काही दिवस, कधी कधी काही आठवडे टिकते. श्रम म्हणजे फक्त अंगमेहनत असंही नाही. लांबलेली मीटिंग, घरातलं भांडण, परीक्षेचे पेपर तपासणं यांनीही तेच होतं. त्रास उशिरा येत असल्यामुळे कशाने झाला हे कळत नाही. पेशंटला वाटतं, आज तर मी काहीच केलं नव्हतं.

हे मनाचे खेळ नाहीत, याचा चांगला पुरावा जानेवारी २०२४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात मांडला. त्यांनी लाँग कोविडचे २५ पेशंट आणि २१ निरोगी माणसं घेतली, त्यांना सायकलवर दमवलं आणि दमवण्याच्या आधी व नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. पेशंटच्या स्नायूंमध्ये ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावलेली होती आणि श्रमांनंतर स्नायूंची इजा आणखी वाढलेली दिसली. अशा माणसाला 'दर आठवड्याला दहा टक्के वाढवा' असं सांगणं चूक आहे, हे मी स्पष्टच म्हणते.

या वादाला कोविडच्या आधीचा इतिहास आहे. एमई-सीएफएस नावाच्या जुन्या, दीर्घ थकव्याच्या आजारात हीच घसरण हे मुख्य लक्षण मानलं जातं. २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पेस नावाच्या ब्रिटिश चाचणीचा निष्कर्ष होता, की टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम आणि सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार-वागणुकीवरचा मानसोपचार) या आजारात उपयोगी पडतात. पेशंटनी आणि अनेक शास्त्रज्ञांनी त्या चाचणीच्या पद्धतीवर वर्षानुवर्षं आक्षेप घेतले. अखेर ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत सांगितलं, की एमई-सीएफएसच्या पेशंटना ठरावीक प्रमाणात वाढत जाणारा व्यायाम देऊ नये आणि सीबीटी आधार म्हणून द्यावी, आजार बरा करणारा इलाज म्हणून नव्हे. लाँग कोविडच्या ज्या पेशंटमध्ये हीच घसरण दिसते, त्यांच्यासाठी हा धडा जसाच्या तसा लागू आहे.

झेपेल त्याच्या आत

ज्यांना अशी घसरण होते त्यांच्यासाठी पेसिंग हा पाया आहे. आज शरीराला किती झेपतंय ते ओळखायचं आणि त्याच्या थोडं आतच थांबायचं. थकवा आल्यावर थांबणं इथे उपयोगाचं नाही. तोवर उशीर झालेला असतो. बरं वाटतंय तेव्हाच बसायचं. कष्टाळू माणसाला हे फार जड जातं, कारण बरं वाटलेल्या दिवशी तुंबलेली सगळी कामं उरकून टाकायची आपली रीत आहे.

सुरुवात नोंदींपासून होते. वहिनीने वेगळी वही केली नाही. स्वयंपाकघरात दुधाचा हिशेब लिहायला कालनिर्णय टांगलेलं असतं, त्याच चौकोनांत ती दोन शब्द लिहायची. 'पेपर तपासले'. 'बँक, उन्हात'. ज्या दिवशी पडून राहावं लागलं त्या चौकोनात लाल टिंब. महिन्याचं पान भरत आलं तेव्हा दिसलं, की लाल टिंबाच्या मागे एक किंवा दोन घरं सोडून नेहमी काहीतरी मोठं काम आहे. एकदा हे डोळ्यांना दिसलं की पुढचं ठरवणं सोपं झालं.

पोळ्या ती उंच स्टुलावर बसून लाटू लागली. कणीक आदल्या रात्री दादा मळून ठेवायचा. भाजी निवडणं आणि फोडणी देणं यांच्या मध्ये पंधरा मिनिटं आडवं होणं, मोबाइल बाजूला ठेवून, डोळे मिटून. कारण स्क्रीनकडे बघणं ही मेंदूची विश्रांती नव्हे. शाळेने तिचे तास तळमजल्यावर लावून दिले आणि ती फळ्यापाशी उभी राहण्याऐवजी खुर्चीवर बसून शिकवू लागली. ठाणे-वाशी गाडीत बसायला जागा नसेल तर ती गाडी सोडायची आणि पुढची पकडायची. शाळेइतकीच ताकद प्रवास खातो, हे आपल्याकडे कोणी धरतच नाही. ठाणे स्टेशनच्या पुलाचा एक जिना संध्याकाळच्या गर्दीत चढून पाहा, म्हणजे कळेल.

हाताला घड्याळासारखा बँड असेल तर हृदयाच्या ठोक्यांवरूनही पेसिंग करता येतं. ठोके एका आकड्याच्या वर गेले की बसायचं. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा, आणि फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितलेला बरा. पेसिंग म्हणजे कायम पडून राहणंही नव्हे. काही आठवडे घसरण झाली नाही, की एखादी छोटी गोष्ट वाढवून बघायची, तीन दिवस थांबायचं, त्रास झाला नाही तर ती ठेवायची.

ज्यांना घसरण होत नाही, फक्त दम कमी झाला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी व्यायाम टाळला तर उलट नुकसान होतं. रीगेन नावाची ब्रिटिश चाचणी फेब्रुवारी २०२४ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. कोविडमुळे हॉस्पिटलात राहून आलेले आणि नंतरही त्रास असलेले ५८५ लोक तिच्यात होते. आठ आठवडे घरबसल्या ऑनलाइन गटात व्यायाम आणि मानसिक आधार मिळालेल्यांचं जगणं, नेहमीच्या सल्ल्यावर असलेल्यांपेक्षा सुधारलं. सुधारणा मोठी नव्हती, पण होती. व्हेंटिलेटरवरून उठलेल्या माणसाला आणि घरीच सौम्य कोविड होऊन घसरणीत अडकलेल्या माणसाला एकाच मापाने मोजू नये, एवढंच.

सीबीटीत नेमकं काय होतं

सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक यांच्या सवयी तपासून बदलण्याची पद्धत. लाँग कोविडसाठी तिची सर्वांत चर्चेतली चाचणी नेदरलँड्सची. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ११४ पेशंट, निम्म्यांना १७ आठवडे सीबीटी, निम्म्यांना नेहमीची काळजी. सीबीटी घेतलेल्यांचा थकवा स्पष्टपणे कमी झाला आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकला. २०२४ च्या अखेरीस 'बीएमजे'ने छापलेल्या मोठ्या आढाव्याचंही म्हणणं असं, की सीबीटी आणि शारीरिक-मानसिक पुनर्वसन यांनी लक्षणं बहुधा कमी होतात.

यावर आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. कोणाला कोणता उपचार मिळतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि थकवा मोजला तो पेशंटनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून. त्यामुळे हे आकडे थोडे हातचे राखूनच वाचायला हवेत. माझं मत विचाराल तर सीबीटीचा उपयोग आहे, पण ती देणारा माणूस घसरण ओळखणारा हवा. 'तुम्हाला श्रमांची भीती बसली आहे, ती सोडा' एवढंच तो सांगत असेल, तर ज्याला खरी घसरण होते त्याचं नुकसान होईल.

चांगल्या सीबीटीत काय चालतं? 'मी सगळ्यांवर ओझं झाले' हा विचार रोज सकाळी उठल्याबरोबर येतो. तो कधी येतो, त्यानंतर मी काय करते, हे पाहिलं जातं. बहुतेकदा असं दिसतं, की त्या अपराधीपणापोटी बाई उठून दुप्पट काम करते आणि परवा पडते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजनसाठी धावाधाव केलेल्या माणसांना आजही ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की धडधडतं. त्या दिवसांबद्दल पहिल्यांदा कुणाशी तरी मोकळेपणी बोलणं, हाही या उपचाराचाच भाग. आजार केव्हा जाईल हे कळत नसताना आजचा दिवस कसा काढायचा, हेही तिथे शिकता येतं.

झोपेसाठी याच पद्धतीचा वेगळा अवतार आहे आणि निद्रानाशावर तो सर्वांत आधी सुचवला जातो. रोज एकाच वेळी उठणं, पलंग झोपेसाठीच ठेवणं, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसणं. दिवसाची विश्रांती मग पलंगावर न घेता दिवाणावर किंवा चटईवर घ्यावी. या पद्धतीत झोपेचे तास सुरुवातीला मुद्दाम कमी केले जातात, तो भाग मात्र लाँग कोविडमध्ये जपूनच करावा.

श्वास, नाडी आणि लवंग

कोविडनंतर बऱ्याच जणांचा श्वास वरवरचा होतो. छातीचा वरचा भाग हलतो, पोट हलत नाही. फुप्फुसं बरी झाली तरी ही सवय राहते. नाकाने सावकाश श्वास घेणं, पोट फुगू देणं, सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावणं, हा साधा सराव आहे. लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरा आणि इम्पिरियल कॉलेजने मिळून गाण्यातून श्वास शिकवणारा ऑनलाइन कार्यक्रम केला आणि २०२२ मध्ये त्याची चाचणी छापली. १५० जणांच्या त्या चाचणीत सहा आठवड्यांनी मानसिक स्वास्थ्य सुधारलं, आणि धाप लागण्याच्या काही तक्रारी कमी झाल्या. आपल्याकडे प्राणायाम घराघरात आहे, तो सावकाश केला तर उत्तमच. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र या काळात नको. जोरजोरात श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. आणि ज्याचा श्वास आधीच बिघडला आहे त्याला ते अजून बिघडवतं.

काहींना उभं राहिलं की धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. २०२१ मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेलच. तो ठोकेही दाखवतो. थोडा वेळ आडवं पडून ठोके बघा, मग उभं राहून दहा मिनिटं बघा, सोबत कुणीतरी हवं. मोठ्या माणसाचे ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहत असतील तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. याला पॉट्स म्हणतात. यात भरपूर पाणी, मीठ वाढवणं, पायांना घट्ट मोजे, उठताना आधी बसून मग उभं राहणं, बसून किंवा आडवं होऊन करायचे व्यायाम, हे उपयोगी पडतं. ब्लड प्रेशर किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नये. आपल्याकडचा मे आणि ऑक्टोबरचा उकाडा या पेशंटना फार जाचतो, तेव्हा बाहेरची कामं सकाळी लवकर.

वास गेलेल्यांसाठीचा सराव मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचं बरंचसं सामान घरातच असतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो अभ्यासला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वास वीसेक सेकंद हलकेच हुंगायचा, आणि तो पूर्वी कसा यायचा ते मनात आणायचं. किमान तीन महिने. लवंग थोडी ठेचून घ्यावी, तेल सुटलं की वास उठतो.

डोक्यातल्या धुक्यावर मेंदूचे कॉम्प्युटर-खेळ विकणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या रिकव्हर या सरकारी संशोधन कार्यक्रमाने असा सराव तपासला, तो तुलनेसाठी दिलेल्या साध्या खेळांपेक्षा सरस ठरला नाही. त्यावर पैसे घालवू नयेत. गॅसवर काही ठेवलं की मोबाइलला टायमर लावणं, अवघड काम सकाळच्या टवटवीत तासात करणं, एका वेळी एकच काम, हे फुकट आहे आणि यानेच दिवस सुरळीत जातो.

कुठे जायचं, काय विचारायचं

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्येच कोविडनंतरच्या त्रासांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पण लाँग कोविडचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग शोधत बसण्यापेक्षा आधी फिजिशियन, मग जवळच्या महापालिका रुग्णालयातली किंवा मेडिकल कॉलेजमधली फिजिओथेरपी ओपीडी, हा रस्ता ठाणे-नवी मुंबईत जास्त व्यवहार्य आहे. मनावर ताण असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

जाताना घरातलं एक माणूस सोबत न्यावं. त्यात पेशंटचा आधार तर आहेच, शिवाय सासूबाईंनी किंवा नवऱ्याने डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं, की दुपारी आडवं होणाऱ्या सुनेला आळशी म्हणणं थांबतं. महिन्याभराच्या नोंदी सोबत असाव्यात. फिजिओथेरपिस्टने पहिल्या भेटीत 'श्रमांनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं असतं?' हे विचारलं नाही, तर आपणच सांगावं. ऐकूनही त्यांनी सगळ्यांना देतात तोच वाढत्या व्यायामाचा तक्ता पुढे केला, तर तक्ता सुरू न करता दुसऱ्या फिजिओथेरपिस्टचं मत घ्यावं.